सळईचा जोड आणि सिमेंटचे पांघरूण

आपल्या डाळजच्या भागात पूर्वी धाब्याची घरे असत. दगडमातीच्या भिंती, लाकडाच्या तुळया, वर काटक्या आणि पांढरी माती. पुढे भीमेवर उजनीचे धरण झाले. १९८० साली ते पुरे झाले. नदीकाठची कितीतरी घरे पाण्याखाली गेली. माणसे वर माळाला आली. पाण्याबरोबर ऊस आला, उसाबरोबर थोडा पैसा आला. आज पुणे-सोलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहा. घरोघर स्लॅब दिसतो. कोणी उसाच्या बिलावर घर बांधतो, कोणी घरकुलाच्या अनुदानावर.

धाबे आणि स्लॅब यांत एक मोठा फरक आहे. धाब्याची तुळई कुजली, तर डोळ्यांना दिसत असे. ठोकून पाहता येई. स्लॅबची हाडे मात्र आत असतात. ती लोखंडाची असतात. एकदा काँक्रीट ओतले की ती पुन्हा दिसत नाहीत. दिसतात ती पंधरा-वीस वर्षांनी, पोपडे पडू लागल्यावर! मग छताचा तुकडा कधी रिकाम्या जमिनीवर पडतो, तर कधी निजलेल्या लेकराच्या अंगावर.

हे टाळता येते. त्यासाठी फार खर्च लागत नाही. दोन गोष्टी नीट समजल्या पाहिजेत. एक, सळईवर सिमेंटचे पांघरूण किती असावे. दुसरी, सळईला सळई जोडतो तिथे त्या पांघरुणाचे काय काम असते. कारागीर या पांघरुणाला 'कव्हर' म्हणतात आणि जोडाला 'लॅप' म्हणतात. आपणही हे शब्द शिकून घेऊ.

लोखंड आणि काँक्रीट यांची सोयरीक

काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे मिश्रण. ते घट्ट होऊन दगडासारखे होते. दगडाचा गुण कोणता? तो दाब सोसतो. त्याच्यावर ओझे ठेवा, तो हलणार नाही. पण त्याला ताण सोसत नाही. लांब फरशी दोन टोकांवर ठेवून मधे उभे राहा. ती खालच्या अंगाने तडकते आणि मोडते. कारण वाकताना खालचे अंग ताणले जाते.

लोखंडाचा गुण उलटा आहे. सळई ओढली तर सहज तुटत नाही. म्हणून जिथे ताण येतो तिथे काँक्रीटच्या पोटात सळई घालतात. दाब काँक्रीटने घ्यायचा, ताण सळईने घ्यायचा.

ही युक्ती जगात पसरवणाऱ्यांत फ्रान्समधला एक माळी होता. त्याचे नाव जोसेफ मोनिए. झाडांच्या कुंड्या फुटत, म्हणून तो सिमेंटच्या कुंडीत लोखंडी तारांची जाळी घालू लागला. १८६७ साली त्याने त्या युक्तीचे पेटंट घेतले. माळ्याच्या कुंडीतून निघालेली ती युक्ती आज धरणावर, पुलावर आणि आपल्या घरावर आली आहे.

या सोयरिकीत आणखी एक गुण आहे. ऊन लागले की लोखंड वाढते आणि काँक्रीटही वाढते. दोघे जवळजवळ सारखेच वाढतात. म्हणून उन्हाळ्यात ते एकमेकांना सोडत नाहीत. सोयरीक मोडते ती दुसऱ्या कारणाने. ते कारण म्हणजे गंज.

गंज आत कसा शिरतो?

उघड्यावरची सळई ओल आणि हवा लागली की गंजते. काँक्रीटच्या पोटातली सळई मात्र लवकर गंजत नाही. का? कारण ताज्या सिमेंटमध्ये चुन्याचा गुण असतो. त्यामुळे सळईवर एक बारीक साय धरते. ती डोळ्यांना दिसत नाही. ती असेपर्यंत गंज धरत नाही.

पण हवेतला कर्बवायू हळूहळू काँक्रीटमध्ये मुरतो आणि चुन्याचा गुण मारत मारत आत सरकतो. तो सळईपर्यंत पोहोचला की ती साय जाते. मग ओल लागली की गंज सुरू होतो. खारे पाणी आत गेले, तर चुन्याचा गुण शिल्लक असतानाही ती साय फुटते.

आता गंजाचे एक वाईट लक्षण ध्यानात घ्या. गंजलेले लोखंड फुगते. मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा त्याला लागते. हरभरे घट्ट झाकणाच्या डब्यात भिजत घातले, तर काय होईल? फुगून ते झाकण उडवतील. गंज तसेच करतो. तो आतून काँक्रीटला ढकलतो. आधी सळईच्या रेषेत बारीक तडा जातो. त्या तड्यातून आणखी पाणी शिरते. मग गंज दुप्पट वेगाने धावतो आणि शेवटी पोपडा सुटतो.

पळसदेवचे जुने मंदिर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. उजनीचे पाणी चढले की ते बुडते. पाणी फार खाली गेले की पुन्हा दिसते. इतकी वर्षे पाण्यात राहूनही त्याचे दगडी अंग उभे आहे. त्या दगडांच्या पोटात सळई नाही. म्हणून आतून फुगायला तिथे काही नाही. आपल्या घरात मात्र सळई आहे. म्हणून आपल्याला जपले पाहिजे.

न जपले तर काय होते, ते गोव्यात दिसले. पणजीला मांडवी नदीवर काँक्रीटचा मोठा पूल होता. त्याला पुरी वीस वर्षेही झाली नव्हती. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. त्याच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारा होत्या. खाडीच्या खाऱ्या ओलीने त्या गंजल्या होत्या. बाहेरून पूल धडधाकट दिसत होता. आतली ताकद गेली होती.

आपल्याकडे समुद्र नाही, हे खरे. पण बारामती-इंदापूर भागात पाण्याच्या अतिवापराने काही जमिनी क्षारपड झाल्या आहेत. काही विहिरींचे पाणी मचूळ आहे. म्हणून खाऱ्या पाण्याची भीती आपल्यालाही थोडीफार आहेच.

पांघरूण किती असावे?

सळईच्या बाहेरच्या अंगापासून काँक्रीटच्या बाहेरच्या अंगापर्यंत जेवढे काँक्रीट असते, तेवढे पांघरूण. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. तुळईत आणि खांबात मुख्य सळ्यांभोवती रिंगा असतात. तिथे माप रिंगेच्या बाहेरून धरायचे. सगळ्यांत बाहेर जे लोखंड असेल, त्याच्यापासून मोजायचे.

आपल्या देशात काँक्रीटच्या कामाचे एक नियमपुस्तक आहे. त्याला आय. एस. ४५६ म्हणतात. ते पहिल्यांदा १९५३ साली निघाले. २००० साली त्याची चौथी सुधारणा झाली. त्यात दिलेली मापे साधारण अशी आहेत :

घराच्या आतल्या, कोरड्या राहणाऱ्या स्लॅबला २० मिलिमीटर. म्हणजे पाऊण इंचाहून किंचित जास्त.

पावसात भिजणाऱ्या भागाला ३० मिलिमीटर. म्हणजे सव्वा इंचाच्या आतबाहेर.

खांबाला ४० मिलिमीटर. म्हणजे दीड इंचाहून थोडे जास्त.

पायाला ५० मिलिमीटर. म्हणजे दोन इंच.

समुद्राकाठी किंवा खाऱ्या जमिनीत याहून जास्त लागते. तिथे इंजिनिअरला विचारूनच माप ठरवावे. पाण्याच्या टाकीचेही तसेच.

हे माप थोडे जास्त झाले तर चालते. दहा मिलिमीटरपर्यंत सूट आहे. पण कमी मुळीच चालत नाही. कोणी म्हणेल, "मग चांगले तीन-चार इंच पांघरूण का घालू नये?" तसेही करू नये. स्लॅब पाच इंचांचा, त्यात सळई तीन इंच वर उचलली, तर ती ताणाच्या जागेवर उरतच नाही. मग ती असून नसल्यासारखीच.

आणखी एक गैरसमज असतो. "वरून गिलावा होणारच आहे. मग कव्हर कमी पडले तर काय बिघडले?" गिलावा हे पांघरूण नव्हे. तो वरून लावलेला असतो, आणि सुटूही शकतो. पांघरूण काँक्रीटचेच हवे.

सळईला जोड का लागतो?

दुकानात सळई साधारण बारा मीटर, म्हणजे चाळीस फूट लांब येते. ट्रकमध्ये घालायला ती मधे वाकवलेली असते. आपल्या कामात कुठे वीस फूट लागते, कुठे पंचेचाळीस. शिवाय खांब तर मजल्या-मजल्याने वर जातो. म्हणून कुठे ना कुठे सळईला सळई जोडावी लागते.

जोड करायची साधी रीत आपण सर्वांनी पाहिली आहे. दोन सळ्यांची टोके काही अंतर शेजारी-शेजारी ठेवायची आणि बारीक तारेने बांधायची. हाच लॅप.

आता एक प्रश्न विचारतो. एक सळई ओढली गेली, तर तिचा ताण दुसऱ्या सळईत कोण नेते?

बरेच जण म्हणतील, "तार नेते." तसे नाही. ती तार फक्त काँक्रीट ओतेपर्यंत सळ्या जागेवर धरते. तिच्यात ताण नेण्याचा दम नाही. ताण नेते ते काँक्रीट. पहिल्या सळईच्या अंगावरच्या कंगोऱ्यांना काँक्रीट घट्ट धरते. तेच काँक्रीट शेजारच्या सळईलाही धरते. पहिलीचा ताण काँक्रीटच्या हातून दुसरीकडे जातो. दोन सळ्यांमधला दुभाषा म्हणजे काँक्रीट!

म्हणूनच जोड लांब असावा लागतो. लांबी थोडी असेल, तर काँक्रीटची पकड थोडी. मग सळई सरकते.

किती लांबी लागते? हे सळईच्या जाडीवर आणि काँक्रीटच्या ताकदीवर ठरते. घरासाठी एम-२० प्रतीचे काँक्रीट वापरतात. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी, ही त्याची ओळख. सळईवर ५०० असा आकडा उठवलेला असतो. या जोडीला ताणाच्या जागी सळईच्या जाडीच्या ५७ पट लांबी लागते. हिशोब असा :

८ मि. मी. ची सळई, म्हणजे अडीच सुती. जोड दीड फूट.

१० मि. मी. ची सळई, म्हणजे तीन सुती. जोड एक फूट साडेदहा इंच.

१२ मि. मी. ची सळई, म्हणजे चार सुती. जोड दोन फूट तीन इंच.

१६ मि. मी. ची सळई, म्हणजे पाच सुती. जोड तीन फूट.

दोन वेगळ्या जाडीच्या सळ्या जोडायच्या असतील, तर बारीक सळईच्या मापाने जोडाची लांबी धरतात.

जोडाला पांघरूण का जपायचे?

आता आपण मुख्य मुद्द्यावर आलो. ताण आला की सळईचे कंगोरे काँक्रीटला फक्त पुढेच ओढत नाहीत. ते त्याला बाहेरही ढकलतात. पाचर ठोकली की लाकूड फाटू पाहते, तसे. सळईभोवती काँक्रीट जाड असेल, तर ते हा जोर सहन करते. पातळ असेल, तर सळईच्या रेषेत फाटते. काँक्रीट फाटले की पकड गेली. पकड गेली की जोड सुटला.

एकाच अखंड सळईवर पांघरूण कमी पडले, तर आधी गंज येईल. त्याला काही वर्षे लागतील. पण जोडावर पांघरूण कमी पडले, तर गंजाची वाट पाहायला नको. भार येताच तो जोड कच्चा ठरतो. तिथे दोन सळ्या आहेत, दोघींचा जोर आहे, आणि त्यांना धरणारे काँक्रीट मात्र पातळ आहे.

म्हणून नियमपुस्तकात जोडासाठी वेगळा नियम आहे. जोडातल्या सळईवर तिच्या जाडीच्या दुप्पट तरी पांघरूण असावे. १२ मि. मी. च्या सळईला २४. १६ मि. मी. च्या सळईला ३२. २० मि. मी. च्या सळईला ४०. इथे माप त्या सळईपासूनच धरायचे, रिंगेपासून नव्हे. एवढे पांघरूण नसेल, तर पुढील दोन जागी जोड लांब करावा लागतो.

पहिली जागा, वरची सळई. काँक्रीट ओतल्यावर खडी खाली बसते आणि पाणी वर येते. ते पाणी वरच्या सळईच्या पोटाखाली अडते. तिथे बारीक पोकळी राहते. म्हणून वरच्या सळईची पकड आधीच कमी असते. त्यात पांघरूण दुपटीहून कमी असेल, तर जोड १.४ पट करावा लागतो. दोन फूट तीन इंचांचा जोड मग तीन फूट दोन इंच होतो.

दुसरी जागा, कोपऱ्यातली सळई. तिला खालून एक आणि बाजूने एक, अशी दोन अंगे उघडी असतात. चपातीचा काठ जसा आधी मोडतो, तसा काँक्रीटचा कोपरा आधी उडतो. तिथे कोणत्याही एका अंगाने पांघरूण कमी असेल, तरी जोड १.४ पट. शेजारी-शेजारी दोन जोड फार जवळ आले, तरीही तेच. दोन जोडांमध्ये निदान ७५ मिलिमीटर, म्हणजे चार बोटांची जागा मोकळी हवी. सळई जाड असेल, तर तिच्या जाडीच्या सहा पट जागा हवी.

सळई वरचीही आहे आणि कोपऱ्यातलीही आहे, आणि दोन्ही उणिवा आहेत, तर जोड दुप्पट लागतो.

एक उदाहरण घेऊ. घरात एक तुळई आहे. खालच्या कोपऱ्यात १६ मि. मी. ची सळई आहे. रिंग ८ मि. मी. ची आहे. रिंगेखाली २५ मि. मी. चा तुकडा ठेवला. मग सळईवर किती पांघरूण झाले? २५ अधिक ८, म्हणजे ३३. लागते किती? ३२. ठीक झाले. तीन फुटांचा जोड पुरेल.

आता काँक्रीट ओतताना कोणाचा तरी पाय पडला. तुकडा निसटला. रिंग खाली बसली आणि फळीपासून १० मि. मी. वरच राहिली. मग पांघरूण किती? १० अधिक ८, म्हणजे १८. जोड आता चार फूट अडीच इंच हवा. पण तो तर तीन फुटांवर बांधून झाला आहे! लोखंड तेवढेच, सिमेंट तेवढेच, मजुरी तेवढीच. फरक पडला तो अंगठ्याएवढ्या एका तुकड्याने.

जोडच पांघरूण खातो

कधी कधी तुकडे जागेवर असतात, तरी पांघरूण कमी पडते. कारण जोडाची दुसरी सळई चुकीच्या अंगाला ठेवलेली असते.

स्लॅबमध्ये दुसरी सळई पहिलीच्या खाली घातली, तर ती फळीच्या तेवढीच जवळ जाते. वीसातले दहा गेले, राहिले दहा. म्हणून दुसरी सळई पहिलीच्या शेजारी, एकाच पातळीवर ठेवावी.

खांबात हा दोष फार आढळतो. खालून आलेल्या सळईला वरची सळई बाहेरच्या अंगाने बांधली, तर रिंग मोठी करावी लागते. १६ मि. मी. ची सळई असेल, तर ४० मि. मी. च्या पांघरुणातले १६ गेले. राहिले २४. यावर उपाय सोपा आहे. जोडाच्या तोंडाशी एका सळईला हलका बाक द्यावा. मग दुसरी सळई तिच्या आतल्या अंगाला किंवा शेजारी बसते आणि रिंग जागच्या जागी राहते. बाक थंड सळईलाच द्यावा. सळई जाळावर तापवून वाकवू नये. तिची ताकद जाते.

कामावर अशी बोलणी नेहमी होतात :

"मालक, कव्हरचे तुकडे संपले बघा. फरशीच्या चार कपच्या सारू का खाली?"

"नको, मिस्त्री. किती जागी कमी पडले?"

"पाच-सहा जागी. अवो, एवढ्यानं काय होतंय?"

"त्यातल्या किती जागी जोड आहे?"

"दोन जागी हाय की."

"मग तिथं आधी पाहिजे. दुकानातून आणवतो. तोवर सिमेंट कालवू नका."

असे बोलायला मालकाला धीर लागतो. मजूर बसून राहतात, मिक्सरचे भाडे चढते. पण तासाभराचा खोळंबा परवडतो. स्लॅब फोडून पुन्हा घालणे कुणाला परवडत नाही. चांगला मिस्त्री अशा मालकावर रागावत नाही. उलट, "मालक जाणता आहे" म्हणून कामाला जपतो.

जोड कुठे घालावा?

जिथे ताण सर्वांत जास्त, तिथे जोड घालू नये. तुळईच्या खालच्या सळईला मधोमध ताण जास्त असतो. तिथे जोड नको. वरच्या सळईला खांबाजवळ ताण जास्त असतो. तिथे जोड नको. छज्जा आणि गॅलरी यांची मुख्य सळई वरच्या अंगाला असते आणि भिंतीजवळ तिला सर्वांत जास्त ताण असतो. तिथे जोड मुळीच नको.

सगळे जोड एका रेषेत घेऊ नयेत. दोरीला एकाच जागी सगळे पीळ तुटले, तर दोरी तिथेच तुटते. एका जागी फार तर निम्म्या सळ्यांचे जोड घ्यावेत. बाकीचे पुढे-मागे सारावेत. जोडाच्या लांबीच्या १.३ पट तरी अंतर एका जोडाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत असावे.

खांबाचा जोड मजल्याच्या उंचीच्या मधल्या निम्म्या भागात असावा. भूकंपात खांबाची दोन्ही टोके जास्त वाकतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हापासून आपल्या राज्यात भूकंपाची आठवण कुणाला करून द्यावी लागत नाही. जोडाभोवती रिंगा जवळ जवळ घालाव्यात. रिंग काँक्रीटला फाटू देत नाही.

वर सोडलेल्या सळ्या

गावात फिरताना एक देखावा सगळीकडे दिसतो. स्लॅबच्या वर खांबांच्या सळ्या तशाच उभ्या सोडलेल्या असतात. "पोराचं लग्न झालं की वर मजला चढवू." ही आशा चांगली आहे. पण त्या सळ्या म्हणजे उद्याचे जोड आहेत. पाच-दहा पावसाळे त्या उघड्या राहिल्या, तर गंजून बारीक होतात. त्यांच्यावर खपल्या धरतात. खपलीवर नवे काँक्रीट ओतले, तर ते खपलीला धरते, सळईला नाही. मग जोड कसा टिकेल?

म्हणून वर सोडलेल्या सळ्यांवर हलक्या काँक्रीटचे पांघरूण करून ठेवावे. पुढे मजला चढवताना ते फोडून काढता येते. सळई निघाली की तारेच्या ब्रशने घासावी. खपली सुटते का पाहावे. सळई बारीक झाली असेल, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय तिला जोड देऊ नये.

कव्हरचे तुकडे घरी करता येतात

तुकडे बाजारात तयार मिळतात. घरीही करता येतात. एक भाग सिमेंट आणि दोन भाग बारीक वाळू घट्ट कालवा. फळीवर हव्या त्या जाडीची चौकट मांडून त्यात थापा. जाडी २०, २५, ४० किंवा ५० मिलिमीटर, जशी हवी तशी. ओले असतानाच दोन इंचांचे चौकोनी तुकडे पाडा. प्रत्येकात बांधायची तार खोचा. दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस पाण्यात ठेवा. हे काम स्लॅबच्या पंधरा दिवस आधी करावे.

दगडाची कपची, विटेचा तुकडा, फरशी, लाकूड यांतले काही वापरू नये. वीट पाणी शोषते आणि ओल थेट सळईपर्यंत नेते. कपची घसरते. लाकूड कुजते आणि तिथे भोक राहते.

तुकडे तारेने सळईला बांधावेत. साधारण हात-दोन हातांवर एक असावा. जोडाच्या दोन्ही टोकांना एक-एक हवाच. वरच्या सळ्यांसाठी सळई वाकवून केलेल्या चेअर ठेवाव्यात, म्हणजे पायाखाली त्या दबत नाहीत.

पाणी आणि पांघरूण

पांघरूण मापाने बरोबर असले, पण आतून पोकळ असले, तर काय उपयोग? जोडाजवळ सळ्यांची गर्दी असते. तिथे खडी अडकते आणि खाली जाळी पडते. म्हणून जोडाजवळ काँक्रीट नीट कोचावे किंवा व्हायब्रेटर लावावा. काँक्रीट सरकावे म्हणून वरून पाणी ओतू नये. जास्त पाणी उडून गेले की तिथे बारीक छिद्रे राहतात. त्यांतूनच हवा आणि ओल आत जाते.

पाणी गोडे असावे. विहीर मचूळ असेल, तर पाणी तपासून घ्यावे. सळईच्या कामाला एका लिटरमध्ये ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही.

आपल्याकडचे ऊन कडक. काँक्रीटवर निदान दहा दिवस पाणी मारावे. स्लॅबवर आळी करून पाणी साठवावे. खांबांना ओले गोणपाट गुंडाळावे. वरचा एक-दीड इंच आधी सुकतो. आणि तोच एक-दीड इंच आपले पांघरूण आहे!

स्लॅबच्या आदल्या दिवशी हे पाहा

१. हातात टेप घ्या. दहा-बारा जागी पांघरूण मोजा.

२. प्रत्येक जोडाची लांबी मोजा. नकाशातल्या मापाशी ताडून पाहा.

३. जोडाच्या दोन्ही टोकांना तुकडे आहेत का पाहा.

४. जोडाची दुसरी सळई शेजारी आहे की खाली, ते वाकून पाहा.

५. सगळे जोड एका रेषेत आले नाहीत ना, ते पाहा.

६. कोपऱ्यातल्या आणि वरच्या सळ्या पुन्हा एकदा पाहा.

७. काँक्रीट ओतताना सळ्यांवर चालायला फळ्या टाका.

८. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे मजला चढवताना जोड कुठे आहेत ते कळेल.

कठीण शब्द

पांघरूण, कव्हर : सळईच्या बाहेरचे काँक्रीट.
जोड, लॅप : दोन सळ्या शेजारी ठेवून बांधलेला भाग.
रिंग : मुख्य सळ्यांभोवतीची बारीक सळईची चौकट.
कंगोरे : सळईच्या अंगावरचे उंचवटे.
सूत : इंचाचा आठवा भाग.

विचार करा आणि सांगा

१. दोन सळ्यांमधला ताण तार नेते की काँक्रीट? का?

२. गिलाव्याला पांघरूण का म्हणत नाहीत?

३. १० मि. मी. च्या सळईचा जोड आहे. तिच्यावर निदान किती पांघरूण हवे?

४. गावात ज्यांच्या घरावर सळ्या उघड्या आहेत, त्यांना तुम्ही काय सांगाल?